ब्रेकची पूजा

अंगावर तिसरा तांब्या ओतला आणि न्हाणीची भिंत आत आली.

भिंतीमागून गाडी आली. पांढरी, कोरी करकरीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात झेंडूची माळ. मी बसले होते त्या दगडापासून हातभर अंतरावर ती थांबली आणि तिथेच घुरघुरत राहिली. मी जुनेरात, केसांना शिकेकाई, हातात रिकामा तांब्या. पायाशी विटांचा ढीग, शेजारी चेपलेला हंडा. समोर काचेपलीकडे मल्लूअण्णा. दोन्ही हातांनी चाक धरलेलं आणि डोळे घट्ट मिटलेले.

"आक्का," तो आतून ओरडला, "मी बघत न्हाय! मी डोळं मिटल्यात!"

"मिटलंस म्हणूनच हितं आलास न्हवं का!" मी म्हणाले आणि तांब्या त्याच्या काचेवर हाणला. काच फुटली नाही. नव्या गाड्यांच्या काचा चांगल्या असतात, एवढं त्या दिवशी कळलं.

हा मल्लूअण्णा माझ्या समोरच्या घरात राहतो. सोलापुरात विजापूर रोडच्या आमच्या गल्लीत समोरासमोर घरं आहेत आणि मधे एक टेम्पो जाईल एवढा रस्ता. माझी न्हाणी जुन्या तऱ्हेची, घराबाहेर, रस्त्याला लागून. अण्णा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. बाकीची गल्ली त्याला अहोजाहो करते. त्यांच्या न्हाणीत तो अजून गेलेला नाही.

नोकरी त्याची चिंचोळी एमआयडीसीत, एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून झाली. आलेला माल तपासून घ्यायचा, जाणारा माल तपासून द्यायचा, बास. रिटायर झाल्यावर कारखाना तिथेच राहिला आणि ही सवय घरी आली. मेथीची जुडी घेतली तर ओट्यावर सोडून, काडी काडी बघून, पुन्हा बांधून मग आत जाणार. गॅसची टाकी आली की टाकीवाल्याला पाणी द्यायच्या आधी टाकीला सगळीकडून हात लावून बघणार. दोन शब्द त्याच्या तोंडात कायम. एक, पद्धतशीर. लग्नातलं जेवण कसं होतं? पद्धतशीर. अमक्याची मयत झाली का? झाली, पद्धतशीर उचलली. दुसरा शब्द कानडी, निधान. म्हणजे हळू. त्यांच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालतं. दूध उतू जात असलं तरी हा चुलीपाशी उभा राहून "निधान, निधान" म्हणतो. दूध ऐकत नाही.

बायको महादेवी. अंगानं काडी आणि जिभेनं मिरची. दोन वर्षांपूर्वी ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. तेव्हापासून वॉकर धरून चालते. चालणं जमतं, पण बसल्या जागी हिसका बसला की किंचाळते. एसटीत पाय वर उचलत नाही. एकदा भाड्याची गाडी करून बघितली, तर नाक्यापर्यंत जाऊन परत आली, तोंड पांढरं फटक. अण्णा त्या ड्रायव्हरवर चार दिवस चिडून होता. "त्याला काय, हाणत जायचं. त्याच्या बायकोच्या कमरेत सळई हाय का?"

आता जायचं कुठं होतं, तर मंद्रूपच्या आत एका वस्तीवर. तिथं महादेवीची थोरली बहीण गंगव्वा. आई लवकर गेली म्हणून तिनंच महादेवीला कडेवर वाढवलेलं. गंगव्वानं ऐंशी ओलांडलेली, आता बाजेवरच असते. दोघी फोनवर बोलायच्या. गंगव्वाला ऐकू कमी येतं, त्यामुळे महादेवी काय बोलली ते गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना माहीत व्हायचं. प्रत्येक वेळी शेवट एकच. गंगव्वा म्हणायची, तुला डोळ्यानं बघायचीय. महादेवी म्हणायची, येते. आणि फोन ठेवून वॉकरकडे बघत बसायची.

म्हणून अण्णानं गाडी घेतली. ह्या वयात. गल्लीनं नावं ठेवली, मी ठेवली नाहीत. मी म्हणाले, बरं केलंस, उद्या सकाळी निघा.

"उद्या?" तो म्हणाला. "आक्का, गाडी घेतल्यावर लई कामं असत्यात. आधी ती पद्धतशीर झाली पायजेत."

गाडी घेतल्यावर माणसं आत बसतात आणि जातात, असं मी समजत होते.

शोरूममधे पोरांनी त्याच्या हातात पुठ्ठ्याची मोठी चावी दिली आणि टाळ्या वाजवल्या. अण्णानं टाळ्या थांबवल्या. "आधी माल बघू." मग डिकी उघडायला लावली. जॅक बघितला, पाना बघितला, जादा चाक बाहेर काढून उन्हात फिरवून बघितलं. सगळी दारं उघडून मिटली आणि मिटून उघडली. शोरूमचा साहेब जेवायला गेला, जेवून आला, तरी अण्णा डिकीतच होता. गाडी घरी आणली ती शोरूमच्या ड्रायव्हरनं. अण्णा शेजारी बसून "निधान, निधान" म्हणत आला. ड्रायव्हर बार्शीकडचा, त्याला कानडी येत नव्हतं. उतरल्यावर मला हळूच म्हणाला, "आज्जी, आजोबा लई भक्तिमार्गातलं दिसतंय. वाटभर जप चालू हुता."

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. ते पुरं वाचल्याशिवाय चाक हलवायचं नाही असं ठरलं. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून अण्णा ओट्यावर बसायचा आणि एक एक अध्याय वाचायचा. पुस्तक इंग्रजी, हा मराठीत सांगायचा. महादेवी शेजारी बसून शेंगा फोडायची. वाचून झालं की पुस्तकाला नमस्कार. ऐन मे महिन्यात, सोलापूरचं ऊन डोक्यावर घेऊन ह्यानं बर्फात गाडी कशी चालवावी तो अध्याय वाचला. सगळा वाचला.

"री," महादेवी म्हणाली. री म्हणजे त्यांच्यातलं अहो. "मंद्रूपला बर्फ कवा पडतो?"

"पडला म्हंजे?" अण्णा म्हणाला आणि पान उलटलं.

मी चौथी शिकले. पुस्तक वाचून गाडी चालते असं चौथीपर्यंत तरी शिकवत नाहीत.

मग धुराचा दाखला. नव्या गाडीला तो वर्षभर लागत नाही म्हणे. दाखला देणाऱ्यानं तसं सांगितलं. अण्णा म्हणाला, "तुमी न देता राहू शकता. मी न घेता कसा राहू?" तो माणूस शहाणा होता, दुकान बंद करून चहाला गेला. मग सीटवरचं प्लॅस्टिक. ते काढायचं नाही, कारण सीट मळतं. मग वरून झाकायचं कापड, ते उडू नये म्हणून दोऱ्या, दोऱ्यांना गाठी. मग मागच्या काचेवर काय लिहायचं हा प्रश्न आला. आईवडिलांचा आशीर्वाद लिहायचं तर आईवडील जाऊन जमाना झाला. मुलीचं नाव घालायचं तर ती हुबळीला, नातवंडांची आई. अण्णानं महादेवीला विचारलं.

"लिवा की," ती म्हणाली, "हिनं अजून उंबरा ओलांडला न्हाय."

हे सगळं चालू असताना गाडी रोज सुरू करायची, कारण इंजिन थंड राहिलेलं चांगलं नसतं. अण्णा दोऱ्या सोडायचा, कापड काढायचा, महादेवीला धरून मागच्या सीटवर प्लॅस्टिकवर बसवायचा आणि एसी लावायचा. गाडी जागेवर उभी. हा पुढं चाक धरून, ती मागं पदर सावरून. बाहेर कुत्री सावली शोधत फिरत असायची आणि आत ही दोघं गार वाऱ्यात बसलेली असायची. थोड्या वेळानं मागून आवाज यायचा, "री, मंद्रूप आलं का?"

अण्णा म्हणायचा, "निधान."

उतरताना तिची साडी प्लॅस्टिकला चिकटलेली असायची.

मी एक दिवस तोंडावर विचारलं, "मल्लू, तुला गाडी चालवता येती का?" तर म्हणाला, कारखान्याच्या आवारात जीप चालवायचो. लायसन आहे. शिवाय शिकवणीच्या गाडीवर पुन्हा हात बसवून घेतलाय. शिकवणारा पोरगा मला नंतर भेटला. तो म्हणाला, "आज्जी, अण्णांचं सगळं चांगलं हाय, फक्त ब्रेकवरचा पाय निघत न्हाय."

शेवटी एका सोमवारी पूजा ठरली. पूजा झाली की थेट मंद्रूप. महादेवीला मागच्या सीटवर धरून बसायला कोणीतरी पाहिजे, म्हणून मीही जाणार होते. म्हणून तर त्या वेळी अंघोळीला बसले. पुढचं मला महादेवीनं सांगितलं.

जंगम स्वामी आले. मंत्र झाले, गाडीच्या कपाळाला विभूती झाली, माळ झाली, आरती झाली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. स्वामींना पुढं आणखी एका घरी जायचं होतं. ते म्हणाले, "झालं अण्णा. नारळ फोडा आणि निघा."

"पायाखालचं राह्यलं की," अण्णा म्हणाला.

"पायाखालचं काय?"

"ब्रेक आणि ॲक्सिलेटर. गाडीला लक्ष्मी म्हणायचं आणि लाथा घालायच्या? आधी माफी मागाय पायजे."

"अहो, पायाखालच्या वस्तूची कुटं पूजा असती?"

"उंबऱ्याची असती की! त्याच्यावरनं पाय टाकतोच न्हवं आपण? तरी त्याला तेल घालतो, कुंकू लावतो."

स्वामींनी घड्याळ बघितलं. उंबऱ्याला कोण काय बोलणार? मग अण्णा स्वतः गाडीत वाकला. ॲक्सिलेटरला तेलाचं बोट लावलं. ब्रेकला मात्र वाटीभर तेल घातलं, वर हळद, वर कुंकू. "जीव राखणारा ह्यो," तो म्हणाला. "ह्येला कमी करून चालणार न्हाय." मग चपला काढून, लक्ष्मीत चपला घालून कसं बसायचं म्हणून, अनवाणी चाकामागे बसला.

लिंबं चिरडायची, चार पावलं पुढं जाऊन थांबायचं, मग महादेवीनं आत बसायचं, असं ठरलं होतं. लिंबं चिरडली. अण्णानं ब्रेक दाबला. त्या गाडीला गिअर नाही, पायाखाली दोनच वस्तू. तेलावरून पाय जो सरकला तो शेजारच्या वस्तूवर जाऊन बसला. पुढं भिंत माझी होती.

गल्ली धावली. धावून आधी गाडीपाशी गेली. "बंपर गेला की अण्णा!" "लाईट फुटली बघ डावी!" मी विटांमधे उभी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. जंगम स्वामी मात्र अण्णाच्या फाटकाबाहेर आले नाहीत. तिथूनच मोठ्यानं सांगत होते, "ब्रेकची पूजा मी केलेली न्हाय बरं का! मंडळी, ब्रेक मी केलेला न्हाय!"

माझा गुडघा खरचटला होता आणि कोपरावर वीट लागली होती. महादेवी वॉकर टेकत टेकत आली, खांद्यावरची शाल माझ्या अंगावर टाकली आणि गाडीच्या काचेत वाकून बघितलं.

"री, झालं का पद्धतशीर?"

सगळी हसली. मीही हसले असते, पण केसातली शिकेकाई डोळ्यात उतरली होती. मग महादेवी त्या पडलेल्या भिंतीकडे बघत म्हणाली, "म्हंजे आज जायचं न्हाय." तेव्हा हसणं थांबलं. ती नवी साडी नेसली होती. पिशवीत गंगव्वासाठी शेंगाच्या पोळ्या होत्या. त्या पोळ्या संध्याकाळी तिनं मला आणून दिल्या. चांगल्या झाल्या होत्या.

भिंत अण्णानं बांधून दिली. गवंड्याच्या डोक्यावर उभा राहून, आत सळया घालून बांधली. आता त्या न्हाणीवर विमान पडलं तर विमानाचं नुकसान होईल. बाहेरच्या बाजूला त्यानं एक लाल चमकणारा तुकडा बसवला, ट्रकच्या मागं असतो तसला. गाडीवाल्यांना न्हाणी दिसावी म्हणून. मी म्हणाले, "मल्लू, दिसत सगळ्यांनाच हुती."

गाडी दुरुस्त होऊन आली आणि कापडाखाली गेली. दोऱ्यांना आता दुप्पट गाठी. इंजिन सुरू करणं बंद. एसीत बसणं बंद. पुस्तकही आत गेलं. आणि अण्णानं नवीनच थेर सुरू केलं. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा आणि दिवस कलता कलता परत यायचा, गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेला. विचारलं तर म्हणायचा, "गाडीचं काम हाय." गाडी इथं घरात, आणि तिचं काम बाहेर कुठं? मला वाटलं, घरात बायकोचं तोंड बघवत नाही म्हणून देवळात जाऊन बसतो. भित्रा माणूस देवळात छान बसतो. मी तसं त्याला बोललेही. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन गेला.

महादेवीनं विचारणं सोडलं होतं. ती विचारत नव्हती ते मला जास्त वाईट लक्षण वाटलं.

मग गंगव्वाच्या मुलाचा फोन आला. ती जेवत नाही म्हणाला. पेज भरवली तर तोंड फिरवते आणि दाराकडे बघून "तंगी बंद्या?" विचारते. धाकटे, आलीस का. महादेवीनं एवढं ऐकलं. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात सडा घालत होते. समोरून महादेवी बाहेर आली. तीच नवी साडी, वॉकरला अडकवलेली पिशवी, आणि गल्लीच्या तोंडाला एक रिक्षा थांबलेली.

"कुटं गं?"

"ष्टँडवर. बसनं जाती."

"बसमधी पाय तरी उचलंल का तुजा? परत मोडायचंय काय कंबरडं?"

"मोडू दे आक्का. कंबर माजी मोडंल, डोळं तर ऱ्हात्याल. बघायचंय डोळ्यानंच."

मागून अण्णा पळत आला. एका हाताला विभूती, कपाळावर अर्धाच पट्टा. "अगं निधान! निधान! अजून एक दिवस दे. थोडंच काम राह्यलंय."

महादेवी वळली. ती कधी ओरडत नाही, टोचते. त्या दिवशीही ओरडली नाही. "तुमचं निधान व्हईस्तवर माजी अक्का जाईल," एवढंच म्हणाली आणि वॉकर पुढं टाकला.

अण्णा तिथंच उभा राहिला. मग गाडीकडे गेला आणि दोऱ्या सोडायला लागला. एकही गाठ सुटेना, आणि गाठी त्यानं स्वतःच मारलेल्या. मी घरातून विळा आणला आणि दोऱ्या कापून टाकल्या. मग राख आणि काथ्या आणला, गाडीत वाकले आणि ब्रेक घासला, करपलेलं पातेलं घासतात तसा. गॅरेजवाल्यानं धुतला होता म्हणे. गॅरेजवाले काय धुतात ते मला माहीत आहे. "आता पाय ठेव," मी म्हणाले. "आणि चपला घालून बस. लक्ष्मीला मी समजावते."

रिक्षा परत गेली. महादेवी मागं बसली, कमरेखाली उशी, शेजारी मी तिला धरून. अण्णानं गाडी गल्लीबाहेर काढली तेव्हा लोक आपापल्या भिंतीपाशी उभे होते.

मंद्रूपपर्यंत रस्ता मोठा आणि चांगला आहे. ट्रक, बस, मोटारसायकली सगळ्यांनी आम्हाला मागं टाकलं. कडब्याचा एक ट्रॅक्टर आमच्या पुढं गेला आणि जाताना त्याच्यावर बसलेल्या बायकांनी आम्हाला हात केला. अण्णाची मान ताठ, नजर रस्त्यावर, ओठ हलत होते. महादेवीनं माझं मनगट आवळून धरलं होतं. हिसक्याची वाट बघत होती बिचारी.

मंद्रूपच्या पुढं रस्ता आत वळतो. तिथून त्याला रस्ता म्हणायचं ते नुसतं म्हणायचं. मी मनात म्हटलं, आता ही किंचाळणार.

"महादेवी, डाव्या अंगाला टेक," अण्णा म्हणाला. ती टेकली. गाडी उजवीकडे सरकली, काहीतरी चाकाशेजारून गेलं, हिसका बसला नाही.

"आता सरळ. आता पुढं चिंचेचं झाड येतंय, त्येच्या सावलीत एक लपलाय. धर तिला आक्का." झाड आलं. सावलीत खड्डा होता, घंगाळाएवढा. अण्णानं गाडी जवळजवळ थांबवली, एक चाक कडेच्या गवतावर घेतलं आणि नवजात पोराला पाळण्यात ठेवावं तशी गाडी पलीकडे ठेवली.

असं चालू राहिलं. दिसायच्या आधी खड्डा सांगायचा आणि खड्डा तिथंच असायचा. नव्या गाडीला काय काय यंत्रं असतात म्हणे, मी म्हटलं त्यातलं एखादं सांगत असेल.

तेवढ्यात समोरून वडाप आलं, गावाकडच्या माणसांनी भरलेली जीप. रस्ता अरुंद म्हणून दोन्ही गाड्या थांबल्या. जीपवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"काय अण्णा! आज सोताच्या गाडीत व्हय? खड्डं घावत्यात न्हवं सगळं?"

"जा की रे," अण्णा म्हणाला. "गिऱ्हाईकं खोळंबल्यात तुजी."

मी काच खाली करायला लावली. "तू कसा वळखतोस ह्येला?"

"कोण वळखत न्हाय आज्जी? लई दिस झालं, रोज माज्या वडापात. खड्डा आला की 'थांबव' म्हणायचं. उतरायचं, खड्ड्यात पाय घालून बघायचं, परत चढायचं. माणसं शिव्या घालत्यात की मला! आनि परवा तर वड्यापाशी घमेलं घिऊन मुरूम टाकत हुतं हे म्हातारं, उन्हात, पांढऱ्या शर्टात. म्हटलं सरकारनं ह्यास्नी ठेका दिला का काय." मागच्या बायका हसल्या. जीप कडेनं निघून गेली.

अण्णानं गाडी पुढं काढली. महादेवी म्हणाली, "री. एवढ्यांदा आलासा, तर अक्काला बघितलं का न्हाय?"

"वस्तीच्या बांधापतोर जात हुतो."

"मग?"

"मग परत फिरत हुतो."

"बांधावरनं बाज दिसती अक्काची. एवढं जवळ जाऊन न भेटता?"

 पुढं ओढा होता. मुरूम टाकलेल्या जागेवरून अण्णानं गाडी उतरवली आणि वर काढली. मग म्हणाला, "तू तिच्यासाठी झुरायलीस हिकडं. तुज्या आधी मी जाऊन तिच्यापाशी बसू? न्हाय जमलं मला." आणि लगेच, "उजवीकडं टेक, शेवटचा हाय."

वस्तीपर्यंत महादेवी एकदाही किंचाळली नाही. माझं मनगट मात्र तिनं निळं केलं.

गंगव्वा पडवीत बाजेवर होती. हाडं आणि लुगडं, बाकी काही उरलं नव्हतं. महादेवीनं कुणाला धरू दिलं नाही. नांगरटीच्या कडेनं, ढेकळांतून वॉकर टेकत गेली. गंगव्वानं मान वळवली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तंगी, बंद्या?"

"बंदे, अक्का," महादेवी तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली.

मग दोघी रडल्या. ते काही मी लिहीत बसत नाही. गंगव्वा वाटीभर पेज प्याली, ते लिहिते.

अण्णा आत आला नव्हता. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. तो गाडीच्या सावलीत मातीत बसला होता, चाकाला पाठ लावून. पाणी प्यायला तर निम्मं शर्टावर सांडलं.

"आक्का, तिला कुटं लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"एकदा बी न्हाय?"

"न्हाय म्हटलं की. चल आत. तुजी मेव्हणी विचारायलीय."

"त्यांचं हुंदे आधी." तो रस्त्याकडे बघत राहिला. ओठ पुन्हा हलायला लागले. मला वाटलं जप करतोय. मग म्हणाला, "परत जाताना सगळं उलट्या अंगाला येतंय. चिंचेचा उजवीकडं जातोय, आनि ह्यो पहिला डावीकडं." आणि बोटानं मातीत रस्ता काढून, ओढ्यापासून चिंचेपर्यंत, पाठ करायला लागला.

दिवस मावळायच्या आत आम्ही घरी आलो. गंगव्वा श्रावणात गेली. महादेवी, मल्लूअण्णा आणि मी अजून आहोत.